चारच कशासाठी? : विमान देखभालीच्या नवोदित विद्यार्थ्यांसाठी बोइंग 747 च्या अभ्यासाचा अनुभव

विमान देखभालीचा अभ्यासक्रम सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांतच मी बोइंग 747 च्या यंत्रणांची प्रकरणे पाठ करून टाकली होती. 27 म्हणजे उड्डाण-नियंत्रणे, 29 म्हणजे हायड्रॉलिक (दाबाखालच्या तेलाने भाग हलवणारी यंत्रणा), 32 म्हणजे लँडिंग गिअर, हा एटीएचा, म्हणजे प्रत्येक यंत्रणेला ठरलेला प्रकरण-क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा, क्रम मला झोपेतही सांगता आला असता. तोंडी परीक्षेत मात्र परीक्षकांनी एवढेच विचारले, "हायड्रॉलिक प्रणाली चार आहेत हे ठीक, पण चारच कशासाठी?" मी म्हणालो, "सर, इंजिने चार आहेत म्हणून." उत्तर चूक नव्हते, कारण प्रत्येक प्रणालीचा एक पंप एकेका इंजिनावर चालतो; पण ते अगदीच अपुरे होते, आणि ते का अपुरे होते हे कळायला मला या विमानाच्या इतिहासापाशी जावे लागले.

एप्रिल 1966 मध्ये पॅन ॲम या अमेरिकी विमान कंपनीने 25 विमानांची मागणी नोंदवली, तेव्हा पुढची प्रवासी वाहतूक ध्वनीहून वेगवान विमानेच करतील, असा सर्वांचा समज होता. तसे झाले तर 747 ला मालवाहतुकीवर जगता यावे, म्हणून 747 चे मुख्य अभियंता जो सटर यांच्या चमूने आठ फूट रुंदीचे दोन कंटेनर शेजारी-शेजारी मावतील असा देह आखला, आणि त्यातूनच सुमारे 6.1 मीटर रुंदीची, दोन मार्गिकांची केबिन जन्माला आली. लांब माल नाकातून आत सरकवायचा तर नाक वर उघडले पाहिजे, म्हणजे कॉकपिट आडवे येता कामा नये; ते वरच्या मजल्यावर गेले आणि त्यामागे हवेला वाट देण्यासाठी जो उतार द्यावा लागला, तोच तो प्रसिद्ध उंचवटा. हा उंचवटा श्रीमंत प्रवाशांच्या बैठकीसाठी काढला, असे विद्यार्थी अजूनही लिहितात; बैठक नंतर आली, जागा आधीच झाली होती.

इतक्या माणसांना घेऊन उडणाऱ्या यंत्रात एका बिघाडाने सारे संपू नये, हा सटर यांच्या आराखड्याचा दुसरा धागा. म्हणून रडर (विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीचा भाग) वरचा आणि खालचा असा दोन तुकड्यांत, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा भाग) चार तुकड्यांत, मुख्य लँडिंग गिअरचे पाय चार, आणि हायड्रॉलिक प्रणालीही चार, अशा वाटून दिलेल्या की एखादी गेली तरी उरलेल्या तीन विमान सांभाळतील. त्या मुख्य पायांची 16 चाके आणि नाकाची दोन, अशा 18 टायरांची हवा तपासण्याचे काम शिकाऊ म्हणून माझ्या वाट्याला येई. तेव्हा त्याचा कंटाळा येई. पण सुमारे 333 टनांचा भार धावपट्टीवर कसा पसरवला आहे, हे पोटाखाली वाकूनच नीट समजते. घट्ट वळण घेताना पोटाखालचे पाय नाकाच्या चाकाच्या उलट दिशेला वळतात, हेही मी तिथेच पाहिले. एरवी टायर फरशीवर घासून निघाले असते.

या प्रकरणाचा सर्वांत कठोर धडा 12 ऑगस्ट 1985 चा आहे. जपान एअरलाइन्सच्या 123 क्रमांकाच्या उड्डाणातील 747 चा मागचा दाब-पडदा, म्हणजे केबिनमधला हवेचा दाब शेपटीकडे अडवून धरणारी भिंत, फुटला. 1978 मध्ये शेपूट धावपट्टीला घासल्यानंतर त्याची जी दुरुस्ती झाली, तीत एका जोडपट्टीच्या जागी दोन तुकडे वापरले गेले होते आणि त्यामुळे रिव्हेटांच्या एकाच रांगेवर सारा ताण येत होता. पडदा फुटताच उभी शेपूट तुटली, चारही प्रणालींच्या नळ्या तिथून जात असल्याने तेल वाहून गेले आणि 524 पैकी 520 जणांचा मृत्यू झाला. चार प्रणाली होत्या. पण एका ठिकाणी त्या शेजारी-शेजारी होत्या. परीक्षकांना हेच ऐकायचे होते, असे मला आज वाटते. नळ्यांचा आराखडा पाहताना आता मी आधी त्या कुठे एकत्र येतात ते शोधतो.

इंजिनांची गोष्ट थोडक्यात सांगतो. प्रॅट अँड व्हिटनीच्या जेटी9डी इंजिनाचे कवच जोराखाली किंचित लंबगोल होई आणि पाती घासत. इंजिनांअभावी बोइंगच्या एव्हरेट येथील कारखान्याबाहेर पंखांना काँक्रीटचे ठोकळे टांगलेली तयार विमाने उभी राहिली. पॅन ॲमची पहिली न्यूयॉर्क-लंडन सेवाही इंजिन तापल्यामुळे विमान बदलून, काही तास उशिरा, 22 जानेवारी 1970 रोजी निघाली.

आता व्यवहाराचे. शेवटचे 747 जानेवारी 2023 मध्ये ग्राहकाकडे गेले आणि एअर इंडियाच्या शेवटच्या 747 ने एप्रिल 2024 मध्ये मुंबई सोडली; त्यामुळे या विमानाच्या टाइप रेटिंगमागे (विशिष्ट प्रकारच्या विमानावर काम करण्याच्या मान्यतेमागे) धावू नका, ते ए320 किंवा 737 चे घ्या. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असेल, तर परवान्याच्या दोन प्रकारांपैकी, यांत्रिकीसाठी बी1 आणि एव्हियॉनिक्ससाठी (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठी) बी2 यांतले काय जमेल, ते हँगरमध्ये काही दिवस काढल्यावरच ठरवा. पण अभ्यासासाठी जुन्या 747 च्या फ्लाइट इंजिनिअरच्या, म्हणजे कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांबरोबर बसून यंत्रणा सांभाळणाऱ्या तिसऱ्या माणसाच्या, फलकाचे चित्र जरूर मिळवा. 1989 मध्ये सेवेत आलेल्या 747-400 मध्ये तिसऱ्या माणसाबरोबर तो फलकही गेला आणि बरीच कामे संगणकाने पडद्याआड नेली. जुन्या फलकावर मात्र प्रत्येक पंप, प्रत्येक झडप आणि तिचा दिवा डोळ्यांसमोर असतो. मी इंधन प्रणाली शिकलो ती त्या चित्रावर पेन्सिलीने एकेका टाकीपासून इंजिनापर्यंतची वाट गिरवून.