टॉवरला घाबरता, पण फोन कानाला दाबून धरता? या चुका टाळा

कोकणात मोबाईलच्या किरणांची भीती बहुतेक वेळा चुकीच्या जागी खर्च होते. वाडीजवळ टॉवर नको म्हणून ग्रामसभेत आवाज चढतो. तोच माणूस रात्री माजघरात बसून एका कांडीच्या रेंजवर, फोन कानाला दाबून, मुंबईच्या मुलाशी पाऊण तास बोलतो. शरीरात शिरणाऱ्या रेडिओलहरींचा हिशेब मांडला, तर जवळजवळ सगळा वाटा त्या पाऊण तासाचा निघेल.

"टॉवर जितका लांब, तितकं बरं"

फोन नुसता ऐकत नाही, तोही लहरी सोडतो. किती जोराने सोडायच्या हे टॉवर त्याला बोलणं चालू असताना सतत सांगत असतो. रेंज भरपूर असेल तर फोन आपल्या ताकदीच्या अगदी थोड्या हिश्शात भागवतो. रेंज तुटायला आली की पूर्ण जोर लावतो, आणि तो जोर तुमच्या कानाशी लागतो. म्हणजे टॉवर लांब गेला तर टॉवरच्या लहरी कमी होतात, पण हातातल्या फोनच्या वाढतात.

अंतर दुप्पट झालं की लहरींची तीव्रता साधारण चौथाईवर येते. टॉवर दोन-तीनशे मीटरवर असतो, फोन कानाला टेकलेला असतो. शिवाय टॉवरचा अँटेना लहरी खाली ओतत नाही, जवळपास आडव्या फेकतो. दीपगृहाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरून झोत निघून जातो, तसंच हे. वरच्या अँटेनासमोर अगदी जवळ, त्याच उंचीवर कुणी राहत असेल तर मात्र शंका घेणं रास्त आहे.

भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली. 900 मेगाहर्ट्झ या मोबाईलच्या एका वारंवारतेला आंतरराष्ट्रीय मर्यादा दर चौरस मीटरला 4.5 वॅट होती, आपल्याकडे ती 0.45 वॅट झाली. तरीही गावातल्या टॉवरबद्दल शंका असेल तर दूरसंचार विभागाचं 'तरंग संचार' हे संकेतस्थळ आहे. तिथे टॉवर नकाशावर दिसतो आणि शुल्क भरून मोजणी मागवता येते. ग्रामसभेत तासभर भांडण्यापेक्षा मोजणीचा कागद आणलेला बरा.

घरातली सर्वांत वाईट जागा निवडणं

जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, पावसाळ्यासाठी गच्चीवर घातलेली पत्र्याची शेड, भोवताली माड-पोफळी आणि आषाढातली ओली झाडी. यातलं प्रत्येक लहरींना अडवतं, पत्रा तर त्या परतवूनच लावतो. खाडीकाठच्या, डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांत तर मुळात रेंजचीच बोंब.

"हॅलो, आवाज येता काय? थांब, खळ्यात जातंय." गावच्या काकांचा हा संवाद ऐकून चाकरमानी हसतात, पण किरणांच्या दृष्टीने काकांचं बरोबर आहे. खळ्यात दोन कांड्या वाढल्या की फोनचा जोर उतरतो. आतल्या खोलीत बसूनच बोलायचं असेल तर स्पीकर लावून फोन हातभर लांब ठेवा, किंवा वायरचा इअरफोन घ्या. घरात वायफाय असेल तर सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' चालू करा. मग कॉल टॉवरऐवजी शेजारच्या राऊटरमार्फत जातो आणि फोनला ओरडावं लागत नाही.

लांबलचक कॉल कमी रेंजमध्ये करूच नका, त्यापेक्षा मेसेज टाका. गणपतीत सगळे घरी आले की हे विशेष लक्षात ठेवावं.

"साधा बटणांचा फोन बरा"

आजीला मुद्दाम बटणांचा फोन दिला जातो, किरणं कमी म्हणून. फोन टूजीवर चालणारा असेल तर उलटंच होतं. 900 मेगाहर्ट्झवरचा टूजी फोन एका झटक्यात 2 वॅटपर्यंत लहरी सोडतो. हे झटके तुटक असल्याने सरासरी पाव वॅटच्या आसपास येते, पण रेंज सुधारल्यावर जोर कमी करण्यात तो फोरजीइतका चपळ नसतो. फोरजी फोनची कमाल साधारण 0.2 वॅट, आणि रेंज बरी असेल तर तो त्याच्या कितीतरी खाली राहतो. टूजी फोन कॉल लागताना सुरुवातीला जोरात सुरू होतो, म्हणून पलीकडून 'हॅलो' येईपर्यंत तो कानापासून लांब धरायची सवय लावावी.

सारचा आकडा किमतीसारखा वाचणं

\*#07# डायल केलं की बऱ्याच फोनवर सारचा आकडा दिसतो. सार (SAR) म्हणजे शरीराच्या एका किलोने शोषलेली शक्ती. भारतात मर्यादा आहे 1.6 वॅट प्रति किलो, एक ग्रॅम ऊतीवरची सरासरी. हा आकडा फोन पूर्ण जोरावर चालवून काढतात. त्यामुळे 0.7 वाला फोन 1.1 वाल्यापेक्षा घरात कमी लहरी देईलच असं नाही, ते तुमच्या रेंजवर ठरतं. दोन्ही मर्यादेच्या आत असतील तर बॅटरी आणि कॅमेरा बघून घ्या.

मर्यादा ओलांडली तर कारवाई होते, हेही खरं. 2023 मध्ये फ्रान्सच्या तपासणीत आयफोन 12 हातापायासाठीच्या 4 वॅट प्रति किलो या मर्यादेच्या वर, 5.74 वर आढळला. तिथली विक्री थांबली आणि कंपनीला सॉफ्टवेअर बदलावं लागलं.

"कान तापला म्हणजे किरणं लागली"

फोन गरम होतो तो प्रामुख्याने बॅटरी आणि प्रोसेसरमुळे, आणि कानावर काहीही दाबून धरलं तरी कान तापतोच. कमी रेंजमध्ये बॅटरी भराभर उतरत असेल तर मात्र जागा बदला.

सोनेरी स्टिकर

बाजारात फोनच्या पाठीवर चिकटवायच्या 'अँटी-रेडिएशन' चिप विकतात. घेऊ नका. त्याने लहरी अडल्याच, तर फोनची रेंज पडते आणि तो जोर आणखी वाढवतो. धातूची पट्टी असलेल्या जाड कव्हरचंही तेच. घराच्या छपरावर परवान्याशिवाय सिग्नल बूस्टर बसवणं तर बेकायदेशीर आहे, आणि त्यामुळे अख्ख्या वाडीचं नेटवर्क बिघडू शकतं.

कॅन्सरच्या बातम्या अर्ध्यावर वाचणं

2011 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरींना '2 ब' गटात टाकलं, म्हणजे 'कदाचित कारणीभूत'. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात मोबाईल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. या लहरी क्ष-किरणांसारख्या पेशीतले बंध तोडत नाहीत. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम ऊती तापण्याचा, आणि मर्यादा त्यावरच बेतलेल्या आहेत.

पेसमेकर असलेल्यांनी मात्र फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवू नये. छातीपासून निदान 15 सेंटीमीटर तरी लांब हवा, आणि बोलताना पेसमेकरच्या विरुद्ध बाजूच्या कानाला धरावा. फोनच्या मागे चुंबक असेल तर हे अंतर जास्तच कसोशीने पाळावं.