जुना मॅसी ३५: पंप खोलण्याआधी या चुका टाळा

३ सिलिंडर पर्किन्स इंजिनचा मॅसी फर्ग्युसन ३५ ट्रॅक्टर बंद पडला की पहिला संशय डिझेल पंपावर जातो. हा सीएव्ही कंपनीचा पंप खोलायला सांगणारे पुष्कळ भेटतात. तोच शेवटी बघायचा असतो.

तासभर चालून गचके खात बंद पडतो आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू होतो? टाकीचं झाकण सैल करून चालवून बघा. झाकणाचं बारीक भोक धुळीनं बुजलं की टाकीत हवा शिरत नाही आणि डिझेल खाली यायचं थांबतं. काडीनं होण्याजोगं काम आहे.

फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी कोरडी पडल्यावर हवा काढावीच लागते. इथे सगळ्यात जास्त घाई होते. थेट नोझलचे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडांचे) नट सैल करून सेल्फ मारत बसू नका, बॅटरी उतरते. आधी फिल्टर, मग पंपावरचे एअर स्क्रू, सगळ्यात शेवटी नोझलचे नट. फिल्टर आणि पंपाच्या स्क्रूवर बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाची) दांडी मारा; नोझलच्या नटांपाशी मात्र सेल्फच मारावा लागतो. दांडी ढिली लागतेय, डिझेल येत नाही? फीड पंप बाद समजू नका. कॅमशाफ्टचा उंचवटा नेमका त्याच्याखाली आलेला असतो. इंजिन थोडं फिरवलं की दांडी पुन्हा जोर धरते. उघडलेल्या ज्या जोडांना तांब्याचे वॉशर असतील, तिथे नवे घाला. आणि फवाऱ्यासमोर हात नको, त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं.

टॅपेटची गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) थंड इंजिनवर ०.०१२ इंच, गरम असेल तर ०.०१०. आवाज नको म्हणून गॅप आवळणारे मिस्त्री मला पटत नाहीत. घट्ट टॅपेटनं व्हॉल्व्ह जळतो, थोडा टकटक आवाज परवडला. हेडचे नट आवळायचे असतील तर ते आधी, टॅपेट नंतर. नाहीतर लावलेली गॅप बदलते.

मागची हायड्रॉलिक लिफ्ट अवजार उचलत नाही म्हणून मागचं कव्हर काढण्याआधी पीटीओची (अवजारं फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टची) दांडी बघा. या गाडीत हायड्रॉलिक पंप पीटीओच्या शाफ्टवरच फिरतो. दांडी न्यूट्रलला असेल तर नवा पंप घालूनही नांगर जमिनीवरच राहील. दांडी बरोबर असेल तर गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी तपासा, लिफ्टलाही तेच तेल लागतं.