‘मागे जा’ लिंक: आधी खरा पत्ता, मग जावास्क्रिप्ट

नागपूरच्या गांधीबागेतल्या एखाद्या साडीच्या दुकानाची वेबसाइट समजा. ग्राहकानं यादीत रंग निवडला, बराच खाली सरकला आणि एक साडी उघडली. तिथली ‘मागे जा’ लिंक दाबल्यावर तो यादीत जिथं होता तिथंच परतायला हवा. यादीची साधी लिंक दिली तर यादी पहिल्यापासून उघडते आणि सगळं पुन्हा शोधावं लागतं.

ब्राउझरच्या बॅक बटणाचं काम जावास्क्रिप्टमधली हिस्टरी.बॅक() ही आज्ञा करते. हिस्टरी.गो(-१) म्हणजेही तेच. कंसात चुकून शून्य पडलं तर पान नुसतं रीलोड होतं. (इथली कोडमधली नावं वाचायला देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती इंग्रजी स्पेलिंगनंच लिहायची.)

बरेच जण एचरेफमध्ये (लिंकचा पत्ता लिहायची जागा) नुसता # ठेवून ऑनक्लिकमध्ये (क्लिक झाल्यावर चालणारा कोड) हिस्टरी.बॅक() टाकतात. हे टाळा. # सुद्धा पत्ताच असतो. क्लिकनंतर त्याच पानाची नवी नोंद ब्राउझरच्या इतिहासात चढते, बॅक तेवढीच उतरवतं आणि ग्राहक तिथंच राहू शकतो. एचरेफमध्येच ‘जावास्क्रिप्ट:’ लिहिलं तर साधी क्लिक चालते, पण लिंक नव्या टॅबमध्ये उघडली की काहीच होत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. साडीची लिंक व्हॉट्सॲपवरून थेट उघडली, तर मागे पानच नसतं. अशा वेळी हिस्टरी.बॅक() काही करत नाही आणि एररही देत नाही. लिंक बिघडलीय असंच वाटतं. गूगलवरून आलेला ग्राहक तर दुकानाबाहेरच जातो.

म्हणून एचरेफमध्ये यादीचा खरा पत्ता द्या आणि लिंकला एक आयडी, म्हणजे ओळखीचं नाव, द्या. पानाच्या शेवटी स्क्रिप्टमध्ये त्या आयडीवर ॲडइव्हेंटलिसनरनं ‘क्लिक’ पकडा. कंट्रोल, शिफ्ट किंवा मेटा की (मॅकवरची कमांड) दाबलेली असेल तर लगेच रिटर्न, म्हणजे पुढचं काही न करता थांबा, कारण तेव्हा ग्राहकाला नवा टॅब किंवा नवी विंडो हवी असते. मग डॉक्युमेंट.रेफरर, म्हणजे ग्राहक ज्या पानावरून आला त्याचा पत्ता, तपासा. तो रिकामा नसेल, न्यू यूआरएल() मधून काढलेला त्याचा ओरिजिन (पत्त्यातला साइटचा भाग) आपल्या साइटच्या लोकेशन.ओरिजिनशी जुळत असेल आणि हिस्टरी.लेंग्थ (या टॅबच्या इतिहासातल्या नोंदींची संख्या) एकपेक्षा जास्त असेल, तरच प्रिव्हेंटडिफॉल्ट() करून, म्हणजे लिंकचं नेहमीचं काम थांबवून, हिस्टरी.बॅक() चालवा. नाहीतर काहीच करू नका, लिंक आपोआप यादीवर नेईल.

रिकामेपणाची तपासणी आधीच हवी. रिकामा मजकूर न्यू यूआरएल() ला दिला तर स्क्रिप्ट तिथंच एरर देऊन थांबते. लेंग्थची अट यासाठी, की यादीतून साडी नव्या टॅबमध्ये उघडली तर रेफरर आपल्याच साइटचा असतो, पण मागे जायला काही नसतं. एकट्या लेंग्थवर मात्र विसंबू नका. मागचं पान आपलंच आहे की परक्याचं, हे ती सांगत नाही.

रेफररचा पत्ता एचरेफमध्ये टाकणं हा चुकीचा शॉर्टकट आहे. तो मागे नेत नाही, तेच पान पुढची नोंद म्हणून उघडतो. मग ब्राउझरचं बॅक दाबलं की ग्राहक पुन्हा साडीच्या पानावर येतो. साइटवर ‘नो-रेफरर’ धोरण (पुढच्या पानाला आपला पत्ता न कळवण्याची सेटिंग) लावलेलं असेल तर यादीतून आल्यावरही रेफरर रिकामा दिसतो आणि वरची युक्ती दर वेळी यादीवरच नेते.

लिंकऐवजी फॉर्ममध्ये बटण वापरत असाल तर टाइप ‘बटन’ लिहाच. नाहीतर ते फॉर्म सबमिट करतं.

मागे गेल्यावर ब्राउझर कित्येकदा यादी मेमरीतून जशीच्या तशी दाखवतो, स्क्रिप्ट पुन्हा चालवत नाही. त्यामुळे जागा टिकते, पण पिशवीतल्या साड्यांचा आकडा जुनाच दिसू शकतो. पान दिसताना येणाऱ्या ‘पेजशो’ इव्हेंटमध्ये पर्सिस्टेड खरं असेल, म्हणजे पान मेमरीतून आलं असेल, तेव्हा तेवढा आकडा ताजा करा. पान सोडताना चालणारा ‘अनलोड’ हँडलर ठेवू नका, त्यानं ही सोय बंद पडू शकते.

तपासताना यादीतून, नव्या टॅबमधून आणि फोनवर व्हॉट्सॲपमधून, अशा तिन्ही वाटांनी साडीचं पान उघडून बघा.