अपडेट उतरला, पण ब्राउझर बंद करून उघडलात का?
वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या कित्येक दुकानांत संगणक दिवसेंदिवस चालूच असतो, बँकेचा टॅबही उघडा. धोका इथेच आहे. क्रोम ब्राउझर ज्यावर बनलाय त्या क्रोमियम या सॉफ्टवेअरच्या अभियंत्यांनी २०२० मध्ये सांगितलं, की त्यांच्या गंभीर सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या हाताळणीतल्या असतात. त्यातल्या निम्म्या ‘यूज आफ्टर फ्री’, म्हणजे मोकळी केलेली मेमरी प्रोग्रॅमने पुन्हा वापरणं. त्या जागी हल्लेखोर आपला डेटा बसवू शकतो. कधीकधी नुसतं वेबपेज उघडणंही पुरतं.

दुरुस्ती बहुधा आपोआप उतरते, पण ब्राउझर पुन्हा सुरू केल्याशिवाय लागू होत नाही! क्रोममध्ये तीन ठिपके, मदत, ‘गूगल क्रोमविषयी’ इथे जा. ‘रीलाँच’ दिसलं तर लगेच दाबा. अर्धवट फॉर्म मात्र आधी सेव्ह करा. एज, ब्रेव्हही क्रोमियमवरच बनलेत, तेही तपासा.