वाघ्या घेवडा पोटाला सोसेल असा कसा शिजवावा

गेल्या श्रावणात लेकीनं पुण्याहून इन्युलिनच्या पावडरीचा डबा आणला. ह्यांना बद्धकोष्ठाचा जुना त्रास. पहिल्याच रात्री ह्यांनी दोन मोठे चमचे पाण्यात ढवळून घेतले आणि पहाटेपर्यंत पोट धरून बसले. पावडर वाईट नव्हती. चिकोरीच्या मुळातून काढलेला, न पचणारा तंतू (फायबर) तो, आपल्या कांद्या-लसणातही असतो. पण सवय नसलेल्या पोटात एकदम एवढा गेला.

तेव्हा मला घरातल्या वाघ्या घेवड्याची आठवण झाली, तंतू त्यातही असतो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या कोरेगाव तालुक्याचं हे खरिपाचं पीक, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. दाण्यावर तांबडे पट्टे, म्हणून वाघ्या. वातूळ म्हणून सासूबाई तो क्वचितच करायच्या.

वात का धरतो, ते समजून घ्या. घेवड्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या फोडणारं पाचकद्रव्य आपल्या लहान आतड्यात नसतं. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथले जिवाणू त्यांच्यावर पोसतात. जिवाणू त्या आंबवतात तेव्हा वायू होतो, पण त्याच वेळी ब्युटिरेटसारखी आम्लंही तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ऊर्जेसाठी मुख्यतः या ब्युटिरेटवरच चालतात. जिवाणूंच्या अशा खाद्याला 'प्रीबायोटिक' हे नाव १९९५ साली गिब्सन आणि रोबरफ्रॉइड यांनी दिलं. म्हणून वायू पूर्ण घालवायचा नाही, सोसेल इतका ठेवायचा.

चौघांसाठी एक वाटी घेवडा निवडून रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला. आठ-दहा तास तरी भिजू द्या. सकाळी ते पाणी ओतून द्या, त्यात साखरांचा काही भाग उतरलेला असतो. दाणे दोनदा धुऊन नव्या पाण्यात उघड्या पातेल्यात दहा मिनिटं खळाखळा उकळा आणि वर आलेला फेस काढा. ही उकळी टाळू नका. घेवडा राजम्याच्याच जातीचा. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या दाण्यातल्या लेक्टिन नावाच्या बाधक प्रथिनामुळे उलट्या-जुलाब होतात. मग कुकरला पाच शिट्ट्या आणि मंद आचेवर दहा मिनिटं. दाणा दोन बोटांत दाबला की लोण्यासारखा मोडला पाहिजे. मागच्या वर्षीचा घेवडा असेल तर आणखी दोन शिट्ट्या लागतात. सोडा घालू नका, त्यानं दाणा लवकर मऊ होतो पण बी-१ जीवनसत्त्व नासतं.

फोडणीत हिंग, कांदा-लसूण मसाला, थोडा गूळ. सोबत ज्वारीची भाकरी.

आता किती खायचं? माझ्या मते पाककृतीपेक्षा हेच महत्त्वाचं. पहिल्या आठवड्यात दोनच वेळा, आणि ताटात शिजलेल्या दाण्यांचे दोन चमचे, बाकी रस्सा. पोट शांत राहिलं तर दुसऱ्या आठवड्यात चार चमचे. अर्ध्या वाटीवर यायला आम्हाला महिना लागला. मध्ये एकदा पोट गच्च झालं, तेव्हा बंद न करता आम्ही मागच्या मापावर गेलो. पाणी वाढवा, नाहीतर तंतूनं मल उलट घट्ट होतो. दिवाळीपर्यंत ह्यांचं रोजचं इसबगोल सुटलं.

ज्यांना आयबीएस, म्हणजे वारंवार पोट दुखण्या-बिघडण्याचा आतड्याचा विकार आहे, त्यांना घेवडा, कांदा, लसूण तिन्ही त्रास देऊ शकतात. मूत्रपिंडाच्या रुग्णांना पोटॅशियम सांभाळावं लागतं. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन उगाच उतरत असेल, तर घेवड्याच्या नादी न लागता आधी तपासणी करून घ्या.

उरलेली आमटी टाकू नका. निवल्यावर लगेच फ्रीजमध्ये ठेवा. गार होताना घेवड्यातल्या पिठाचा काही भाग पचायला चिवट होतो, आणि तोही मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला जातो. दुसऱ्या दिवशी चांगली उकळून घ्या आणि तिच्यात शिळी भाकरी कुस्करा. आमच्याकडे आता हे ताट आदल्या दिवशीच्या जेवणापेक्षा आवडीनं संपतं.