भाषेच्या शिक्षकाला पुरस्कार द्यायचाय? आधी शेवटच्या बाकावर बसा

मी तीस वर्षं जर्मन शिकवलं. त्यातली शेवटची सहा वर्षं विद्यापीठाच्या उत्कृष्ट शिक्षक निवड समितीवर होते. पहिल्या वर्षी आम्ही पुरस्कार दिला तो एका फायलीला. फाइल देखणी होती: स्पायरल बाइंडिंग, चर्चासत्रांची प्रमाणपत्रं, स्मार्ट बोर्डासमोरचे फोटो. पुढे कळलं, त्या वर्गातल्या मुलांना दुकानात भाव विचारण्याइतकंही बोलता येत नव्हतं. बढतीसाठी एपीआयचे, म्हणजे चर्चासत्रं, शोधनिबंध अशा कामांचे, गुण मोजायची पद्धत २०१० मध्ये आली आणि आम्ही सगळेच कागद जमवायला लागलो, तेव्हा त्या एका शिक्षकाला काय बोलणार? पण हे काम तुमच्या गळ्यात पडलं तर फाइल सगळ्यात शेवटी उघडा.

आणि कामाला आदल्या वर्षीच्या जुलैतच लागा. ५ सप्टेंबर तोंडावर आला की बैठक चहा-बिस्किटांत उरकते.

तासाला बसायला जाताना आठवडा कळवा, दिवस कळवू नका. शेवटच्या बाकावर बसा. वहीत दोन रकाने पाडा, ‘शिक्षक’ आणि ‘मुलं’, आणि त्या मिनिटात जास्त कोण बोललं ते बघून दर मिनिटाला एक रेघ मारा. पन्नास मिनिटांत मुलांच्या रकान्यात चार-पाचच रेघा पडल्या, तर व्याख्यान कितीही रंगलेलं असो, तो भाषेचा तास नव्हे. चाळीस जणांनी एका सुरात ‘गुटन मॉर्गन’ म्हटलं तर ते धरू नका, ती प्रार्थना झाली. नवं व्याकरण शिकवायच्या दिवशी आकडा खाली येतोच, म्हणून निदान दोनदा जा.

चूक झाल्यावर शिक्षक काय करतो, ते नीट बघा. एका वर्गात एक मुलगी ‘दी मेडशेन’ म्हणाली. मेडशेन म्हणजे मुलगी, म्हणून तिने स्त्रीलिंगी ‘दी’ लावलं. बरोबर रूप आहे ‘दास मेडशेन’, नपुंसकलिंगी. माझ्या पिढीने ‘अपवाद आहे, पाठ करा’ म्हणून विषय संपवला असता. या बाईंनी फळ्यावर लिहिलं: वासरू, पाखरू, लेकरू.

‘लिंग?’

‘नपुंसकलिंग.’

‘आणि लेकरू मुलगी असली तर?’

‘तरी ते लेकरूच, मॅडम.’

मग त्यांनी ‘रू’खाली रेघ ओढली आणि शेजारी ‘शेन’ लिहिलं. दोन्हींत लहानपणाचा अर्थ, दोन्हीकडे नपुंसकलिंग. वर्ग जरा वेळ गप्प होता. मग मागून एक मुलगा म्हणाला, ‘म्हणजे कुत्रा डेर हुंट, आणि पिल्लू दास ह्युंटशेन?’ बाईंनी त्याला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. शब्दकोश त्याच्याकडे सरकवला.

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम परत गेले. ‘वाइल’ची वाक्यं चालली होती. ‘वाइल’ म्हणजे कारण, आणि त्याच्यामागून येणाऱ्या वाक्यात क्रियापद शेवटी जातं. इंग्रजीच्या वाटेने जाणारी मुलं इथे हमखास अडखळतात. बाई म्हणाल्या, ‘मराठीत तुम्ही क्रियापद कुठे ठेवता?’ झालं. नावीन्य म्हणजे मला हे वाटतं. वीज गेली तरी ते चालतं.

वह्या तपासायच्या तर हजेरीपटावरचे क्रमांक तुम्ही सांगा, ७, २३ आणि ४१ म्हणा. शिक्षकाने निवडून दिलेल्या वह्या बघू नका. लाल शाई किती आहे याला फारसा अर्थ नाही. लाल शाईनंतर मुलाने वाक्य पुन्हा लिहिलंय का, ते बघा.

ध्वनिमुद्रणाला फोन पुरतो. ऑगस्टमध्ये पाच मुलांना विचारा, ‘काल दिवसभर काय केलंस?’ मार्चमध्ये त्याच पाचांना तोच प्रश्न. चुका मोजत बसू नका. वाक्यं लांबली का, आणि शब्द आठवला नाही तर मूल गप्प बसतं की वळसा घालून सांगतं, ते ऐका. युरोपच्या २००१ च्या भाषा-चौकटीत ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या आहेत. तिथे प्रत्येक पायरीवर विद्यार्थी काय करू शकतो, ते साध्या वाक्यांत मांडलंय. ती वाक्यं शेजारी ठेवा. परप्रांतीयांना मराठी शिकवणाऱ्या वर्गालाही ती चालतात. पुण्यात एक गोष्ट आवर्जून विचारा: बाहेर क्लास लावलाय का? नाहीतर भलत्याच्याच कष्टाला हार घालाल. जपानीच्या विभागात जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची प्रावीण्य परीक्षा, पास झालेल्यांची यादी पुढे येते. यादी चांगलीच, पण त्या परीक्षेत बोलण्याची चाचणी नसते.

शिक्षकाला एकच प्रश्न विचारा: ‘तुम्ही काय सोडून दिलंत?’ नवीन काय आणलं, ते सगळेच सांगतात. एका सरांनी सांगितलं, निबंध पाठ करून घेणं सोडलं, पहिल्या वर्षी निकाल घसरला, आणि घसरलेला निकाल समोर ठेवला. त्यांना मी सढळ हाताने गुण दिले.

शिफारसपत्र एका पानाचं. ‘हाडाचे शिक्षक’, ‘विद्यार्थिप्रिय’ हे शब्द काढून टाका. समितीतल्या कुणाचीही नजर तिथे थांबत नाही. वर लिहिला तसा लेकराचा प्रसंग लिहा, पाच ओळींत.

मात्र त्याआधी पात्रतेचा नियम वाचा. मी वाचला नव्हता. त्या बाई तासिका तत्त्वावर होत्या आणि नियमात ‘पूर्णवेळ’ असा शब्द होता. तो काढायला आम्ही तीन वर्षं पत्रं लिहिली. शब्द गेला, तोवर बाई एका कंपनीत भाषांतराच्या नोकरीला लागल्या होत्या.