नॅशव्हिलमध्ये संगीत निर्माता व्हायचंय? आधी आकडे शिका

नॅशव्हिल म्हणजे अमेरिकेतलं कंट्री संगीताचं शहर. तिथल्या स्टुडिओत पहिले सहा महिने मी केबल गुंडाळल्या आणि कॉफी आणली. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. कोणी कधी गप्प बसायचं, हे तिथेच कळतं.

मग चार्ट, म्हणजे गाण्यातल्या कॉर्ड्सचा (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा) कागद, लिहायला शिका. इथे कंट्रीच्या वादकांपुढे बहुतेक वेळा आकड्यांचाच कागद असतो. 1950 च्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या गायकवृंदातल्या नील मॅथ्यूजने ही पद्धत काढली, वादक चार्ली मॅकॉयने ती वादकांमध्ये रुजवली. पेटीवाल्याला ती लगेच कळते: सा म्हणजे 1, म 4, प 5. पट्टी सी असेल तर 1-4-5 म्हणजे सी, एफ, जी. गायिकेला उंच हवी? डी धरा, कागद तोच. कॉर्ड मायनर (उदास छटेची) असेल तर आकड्यापुढे आडवी रेघ. ती मी एकदा विसरलो. वादकांनी इमानदारीत मेजर वाजवला आणि सगळे काचेतून माझ्याकडे बघायला लागले.

सेशन, म्हणजे मुद्रणाची बैठक, साधारण तीन तासांचं, त्यामुळे पट्टी आणि लय आदल्या दिवशीच ठरवा. गळा मात्र घड्याळावर चालत नाही. 1961 मध्ये कंट्री गायिका पॅट्सी क्लाइन अपघातातून सावरत होती, बरगड्या दुखत होत्या, वरचे सूर लागेनात. निर्माते ओवेन ब्रॅडली यांनी 'क्रेझी' या गाण्याची वाद्यं आधी मुद्रित केली, तिचा आवाज नंतर घेतला.

फी आणि रॉयल्टीचे पॉइंट (टक्केवारीतला वाटा) आधी कागदावर घ्या. तोंडी बोलीवर मी एक अख्खी ईपी (मोजक्या गाण्यांचा छोटा अल्बम) केली, पैसे अजून यायचेत.